शेतकऱ्यांसाठी संगणक व इंटरनेटची परिभाषा



बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील शेती नव्या शब्दांना सरावलेली आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, तेव्हा आवर्तन, फाटा, चारी, पाणीपाळी हे शब्द घरोघरी गेले. साखर कारखाने उभे राहिले, तेव्हा गाळप, उतारा, नोंद, तोडणी-वाहतूक हे शब्द बांधावर बोलले जाऊ लागले. पुढे ठिबक आले आणि लॅटरल, ड्रिपर, व्हेंचुरी हे शब्द द्राक्ष व डाळिंब बागायतदारांच्या तोंडी बसले. हे शब्द कोणी शाळेत शिकवले नाहीत. पाणी आणि पैसा त्यांच्याशी जोडलेला होता, म्हणून ते शिकले गेले.

आज सर्व्हर, लिंक, ओटीपी, ॲप, क्लाउड, सेन्सर, एआय अशा शब्दांची नवी पाळी आली आहे. सातबारा, पीक पाहणी, अनुदान, बँकेचा व्यवहार, हवामानाचा इशारा या सर्वांशी हे शब्द जोडलेले आहेत. त्यांचा अर्थ न कळता बटण दाबले तर कधी अर्ज अडकतो, कधी चुकीच्या वेळी पाणी दिले जाते, तर कधी खात्यातील रक्कम जाते. म्हणून या लेखात नेहमी कानावर येणाऱ्या शब्दांचे अर्थ शेतीतील उदाहरणांसह दिले आहेत.

१. माहिती आणि तिचे मोजमाप

डेटा : डेटा म्हणजे नोंदलेली माहिती. उसाच्या लागणीची तारीख, खताचा हिशेब, पानाचे छायाचित्र, पर्जन्यमापकातील आकडा हा सर्व डेटाच होय. मोबाईलचा 'डेटा संपला' असे आपण म्हणतो, तेव्हा माहिती ने-आण करण्याचा आपण विकत घेतलेला कोटा संपलेला असतो.

बिट व बाइट : संगणकाला ० आणि १ या दोनच खुणा कळतात. अशी एक खूण म्हणजे एक बिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. ढोबळ मानाने हजार बाइटचा एक केबी, हजार केबीचा एक एमबी आणि हजार एमबीचा एक जीबी धरावा.

युनिकोड : जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. पूर्वी मराठीचे निरनिराळे फॉन्ट निरनिराळी पद्धत वापरत. त्यामुळे एका संगणकावर लिहिलेला अर्ज दुसऱ्यावर उघडला की भलतीच चिन्हे दिसत. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही मोबाईलवर मराठीतच दिसतो. म्हणून अर्ज, ठराव किंवा गटाचा हिशेब टाइप करून घेताना तो युनिकोडमध्येच करून घ्यावा.

हे मोजमाप व्यवहारात कसे उपयोगी पडते ते पाहा. इंटरनेटवरील प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात. 'ऊस' या शब्दाला ६ बाइट पुरतात. पानाच्या एका चांगल्या छायाचित्राला मात्र ३ एमबी सहज लागतात. म्हणजे एका छायाचित्राच्या जागेत 'ऊस' हा शब्द सुमारे ५ लाख वेळा मावेल. शिवारात रेंज कमी असताना मजकुराचा संदेश जातो आणि फोटो अडकतो, त्याचे कारण हे आहे. अशा वेळी आधी लेखी संदेश पाठवावा आणि फोटो रेंजमध्ये आल्यावर पाठवावा.

२. यंत्र आणि त्याला चालविणाऱ्या सूचना

हार्डवेअर व सॉफ्टवेअर : ठिबक संचातील पंप, फिल्टर, पाइप ही हाताला लागणारी वस्तू आहे. 'कोणत्या वेळी, किती मिनिटे, कोणता व्हॉल्व्ह उघडायचा' हे वेळापत्रक हाताला लागत नाही, परंतु त्याशिवाय संच चालत नाही. संगणकातही हाताला लागते ते हार्डवेअर आणि सूचनांचा संच ते सॉफ्टवेअर.

ॲप : एक विशिष्ट काम करण्यासाठी मोबाईलमध्ये बसवलेले सॉफ्टवेअर म्हणजे ॲप. उदाहरणार्थ, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आपल्या परिसरात वीज पडण्याच्या शक्यतेचा इशारा देते.

अपडेट : सॉफ्टवेअरमधील दोष दुरुस्त करून दिलेली नवी आवृत्ती. चोरांना सापडलेल्या फटी बुजविण्याचे काम यातूनच होते, त्यामुळे अपडेट टाळत राहू नये.

एपीके : अँड्रॉइड मोबाईलमध्ये ॲप बसविण्याची फाइल. मोबाईलमधील अधिकृत ॲप दुकानातून घेतलेल्या ॲपची काही प्रमाणात तपासणी झालेली असते. कोणी थेट संदेशातून पाठविलेल्या एपीके फाइलची तशी तपासणी झालेली असेलच असे नाही. हा फरक पुढे पाचव्या भागात फार महत्त्वाचा ठरणार आहे.

परवानगी : ॲप बसवताना ते मोबाईलमधील काही भाग वापरण्याची मुभा मागते. ती कामाशी जुळते का, हे पाहावे. 'दामिनी'ने आपले ठिकाण विचारणे योग्य आहे, कारण आपण कोठे आहोत हे कळल्याशिवाय ते इशारा देऊ शकत नाही. परंतु पिकाचा बाजारभाव दाखविणारे ॲप आपले एसएमएस वाचण्याची परवानगी मागत असेल तर ती देऊ नये.

३. इंटरनेट कसे चालते?

इंटरनेट : जगभरातील संगणकांना एकमेकांशी जोडणारे जाळे. याची सुरुवात अमेरिकेत १९६९ साली 'अर्पानेट' या नावाने झाली. भारतात सर्वसामान्य ग्राहकांना ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने दिली. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांशी याचा संबंध लवकरच आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा सहकारी समूहाच्या सुमारे ७० गावांत १९९८ मध्ये संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद, वजन, बिल यांची माहिती गावातच मिळावी हा त्यामागचा हेतू होता. पुढे काही गावांत हेच काम मोबाईलच्या साध्या एसएमएसवर करून पाहण्यात आले. यंत्र मोठे असण्यापेक्षा माहिती वेळेवर हातात पडणे महत्त्वाचे, हा त्यातील धडा आजही लागू आहे.

पॅकेट : इंटरनेटवरून जाणारी माहिती अखंड जात नाही. तिचे लहान लहान तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. एका फडातील ऊस पाच ट्रॉल्यांतून कारखान्यावर जातो असे समजा. प्रत्येक ट्रॉलीबरोबर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी असते. एखादी ट्रॉली हमरस्त्याने जाते, एखादी मधल्या वाटेने. शेवटी वजनकाट्यावर पाचही ट्रॉल्या एकाच नावावर जमा होतात. पॅकेटवरही असाच पत्ता व क्रमांक असतो. एखादे पॅकेट वाटेत हरवले तर तेवढेच पुन्हा मागविले जाते.

राउटर : पॅकेटने पुढे कोणत्या वाटेने जावे हे ठरविणारे यंत्र. घरात वाय-फायसाठी लावलेली पेटी हाही एक छोटा राउटरच आहे.

बँडविड्थ : एका सेकंदात जास्तीत जास्त किती माहिती वाहू शकते ती क्षमता. कालव्याची वहनक्षमता ठरलेली असते. टेलच्या गावाला पाणी कमी पोहोचते, कारण वरच्या सर्वांनी दारे उघडलेली असतात. एका टॉवरवर संध्याकाळी सर्वांनी व्हिडिओ लावले की आपला मोबाईल मंदावतो, तो याच कारणाने. मात्र वेग 'मेगाबिट'मध्ये सांगितला जातो आणि फाइल 'मेगाबाइट'मध्ये मोजली जाते, हे ध्यानात ठेवावे. ४० मेगाबिट वेग म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट.

सर्व्हर : मागणी येईल तशी माहिती पुरविणारा संगणक. आपण सातबारा मागतो तेव्हा आपला मोबाईल मागणी करतो आणि शासनाचा सर्व्हर उतारा पाठवितो. 'सर्व्हर डाउन आहे' याचा अर्थ तो बंद पडला आहे किंवा एका वेळी झेपणार नाहीत इतक्या मागण्या आल्या आहेत. हंगामात गव्हाणीसमोर ट्रॉल्यांची रांग लागते, तसाच हा प्रकार. शेवटच्या तारखेला ही रांग सर्वांत मोठी असते. म्हणून पीक पाहणी, विमा, अनुदानाचे अर्ज मुदतीच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे किंवा रात्री उशिरा भरावेत.

क्लाउड : नावाचा अर्थ ढग असला तरी माहिती आकाशात ठेवलेली नसते. ती कोठल्या तरी इमारतीतील दुसऱ्याच्या संगणकांवर असते. आपला माल आपण वखार महामंडळाच्या गोदामात ठेवून पावती घेतो, तशी ही व्यवस्था आहे. लाभ असा की मोबाईल विहिरीत पडला तरी फोटो आणि हिशेब वाचतात. मात्र गोदामाची पावती जपावी लागते, तसा येथे आपला पासवर्ड जपावा लागतो.

४. संकेतस्थळाचा पत्ता कसा वाचावा?

वेबसाइट अथवा संकेतस्थळ : इंटरनेटवरील माहितीची पाने. पानांना एकमेकांशी जोडणारी ही 'वेब' पद्धत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडली. इंटरनेट हा कालवा धरला, तर वेब हे त्यावरील एक पीक आहे. ई-मेल, व्हॉट्सॲप ही त्याच पाण्यावरची दुसरी पिके होत.

लिंक : दाबल्यावर दुसऱ्या पानावर नेणारी ओळ. लिंकवर दिसणारे अक्षर एक आणि प्रत्यक्ष नेण्याचे ठिकाण दुसरे, असे करता येते. फसवणुकीची सुरुवात बहुधा येथूनच होते.

डोमेन : संकेतस्थळाचे नोंदलेले नाव. हे नाव शेवटाकडून सुरुवातीकडे वाचावयाचे असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. टपालाच्या पत्त्यात आधी माणसाचे नाव, मग गाव, तालुका आणि जिल्हा येतो. पत्र कोणत्या जिल्ह्यात जाणार हे शेवटचा भाग ठरवितो. संकेतस्थळाचेही तसेच आहे. भारतातील शासकीय स्थळांच्या नावाचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असा असतो. तो शेवट केवळ शासकीय संस्थांनाच मिळतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये 'डॉट बँक डॉट इन' हा शेवट ठरवून दिला आहे.

चोर काय करतो? तो नावाच्या सुरुवातीला 'पीएम किसान' किंवा 'गव्ह' असे शब्द घालतो आणि शेवट मात्र त्याने विकत घेतलेल्या भलत्याच नावाचा असतो. पाकिटावर 'कलेक्टर कचेरी' असे ठळक लिहून खाली जिल्हा दुसराच घालावा, तसे हे झाले. म्हणून पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो शेवटाकडून वाचावा.

कुलपाचे चिन्ह : पत्त्याजवळ दिसणाऱ्या कुलपाचा अर्थ आपली माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही, एवढाच आहे. समोरचा मनुष्य प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही. चोरालाही कुलूप लावता येते.

५. ओळख, किल्ल्या आणि पैसा

पासवर्ड : आपण स्वतः ठरविलेला गुप्त शब्द. जन्मतारीख, गट नंबर, मोबाईल नंबर हे पासवर्ड म्हणून ठेवू नयेत. बँकेचा आणि इतर ॲपचा पासवर्ड एकच असू नये.

ओटीपी : एकदाच आणि थोडा वेळ चालणारा अंकी संकेत. 'हा मोबाईल नंबर खरोखर या व्यक्तीच्या हातात आहे' याची खात्री करण्यासाठी तो पाठविला जातो. 'ओटीपी कोणालाच सांगू नका' असे आपण ऐकतो, परंतु सेवा केंद्रात गेल्यावर तोच विचारला जातो. मग करावे काय? नियम सोपा आहे. व्यवहार आपण स्वतः सुरू केला असेल, आपण समोर बसलेले असू आणि ओटीपीच्या संदेशात त्याच कामाचे नाव असेल, तरच तो स्वतःच्या हाताने भरावा. फोनवरून विचारणाऱ्याला, तो बँकेचे किंवा कृषी विभागाचे नाव सांगत असला तरी, ओटीपी देऊ नये. संदेशातील अंकांच्या आधी मजकूर वाचावा.

केवायसी व ई-केवायसी : ग्राहकाची ओळख पटवून घेण्याची प्रक्रिया. पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात, त्यासाठी ई-केवायसी आवश्यक आहे. ती अधिकृत संकेतस्थळावर वा ॲपवर किंवा सेवा केंद्रात करावी. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून ती होत नाही.

युपीआय व पिन : युपीआय ही मोबाईलवरून एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ पैसे पाठविण्याची पद्धत असून ती २०१६ मध्ये सुरू झाली. पिन ही आपल्या तिजोरीची किल्ली आहे. पैसे बाहेर काढताना किल्ली लागते, आत येताना लागत नाही. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही.

क्यूआर संकेत : काळ्या-पांढऱ्या चौकटींचे चित्र. त्यात पत्ता किंवा खात्याची माहिती साठविलेली असते. तो स्कॅन करणारा बहुधा पैसे देणारा असतो.

डिजिटल स्वाक्षरी : दस्तऐवज कोणी दिला आणि नंतर त्यात फेरफार झाला नाही, याची गणिती खूण. उताऱ्याच्या छायाप्रतीत कोणी क्षेत्र किंवा नाव बदलले तर डोळ्यांना ते दिसणार नाही. म्हणून जमिनीच्या व्यवहारात समोरच्याने दाखविलेल्या डिजिटल सातबाऱ्याची पडताळणी शासनाच्या संकेतस्थळावर स्वतः करून घ्यावी.

आता हे शब्द एकत्र करून दोन प्रसंग पाहू.

प्रसंग पहिला : समजा, इंदापूर तालुक्यातील एका डाळिंब बागायतदाराला परगावच्या 'व्यापाऱ्या'चा फोन येतो. माल न पाहता भाव मान्य होतो. 'वीस हजार उचल पाठवतो, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका,' असे तो सांगतो. वर दिलेले दोन अर्थ ज्याला ठाऊक आहेत, तो येथेच थांबेल. पैसे यावयाचे आहेत, मग स्कॅन आपण का करावयाचे आणि पिन कशासाठी?

प्रसंग दुसरा : समजा, गावाच्या व्हॉट्सॲप गटावर 'पीएम किसान यादी' नावाची एपीके फाइल येते. पाठविणारा ओळखीचा असतो, कारण त्याचाच मोबाईल आधी फसलेला असतो. फाइल उघडली, एसएमएसची परवानगी दिली गेली. त्यानंतर येणारे ओटीपी ते ॲप स्वतःच वाचून चोराकडे पाठविते. म्हणूनच 'मी ओटीपी कोणाला सांगितला नाही, तरी पैसे गेले,' असे लोक म्हणतात आणि ते खरे बोलत असतात. केवळ ओटीपी न सांगणे आता पुरेसे नाही. अनोळखी एपीके न बसविणे तितकेच आवश्यक आहे.

फसवणूक झाल्यास करावयाच्या गोष्टी :
१) मोबाईलचा डेटा व वाय-फाय त्वरित बंद करावे.
२) दुसऱ्या मोबाईलवरून १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.
३) आपल्या बँकेला कळवून खाते व युपीआय थांबवावे.
४) संदेश, फोन नंबर, व्यवहार क्रमांक पुसू नयेत, तो पुरावा आहे.
५) लाजेपोटी दोन दिवस गप्प बसू नये. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने हलविले जातात. ते मध्येच गोठविण्याची संधी पहिल्या काही तासांतच अधिक असते.

६. शेतात आलेले नवे शब्द

जीपीएस : उपग्रहांच्या साहाय्याने ठिकाण सांगणारी पद्धत. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की मोबाईल आपले स्थान काढतो. यासाठी इंटरनेट लागत नाही. नकाशा दिसण्यासाठी मात्र ते लागते. मोबाईलच्या जीपीएसमध्ये मोकळ्या जागीही काही मीटरचा फरक राहतो, झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तो वाढतो. ई-पीक पाहणीचा फोटो बांधावरून काढला तर स्थान शेजारच्या गटात दाखविले जाऊ शकते. म्हणून शेताच्या आत जाऊन, थोडे थांबून, स्थान स्थिर झाल्यावर फोटो घ्यावा. या नोंदीवर सातबारावरील पिकाची नोंद अवलंबून असते आणि आपत्तीच्या वेळी मदतीसाठी तीच विचारली जाते.

सेन्सर : ओलावा, तापमान, क्षारता यांसारखी गोष्ट मोजून तिचा विद्युत संकेत तयार करणारे साधन. हा संकेत इंटरनेटवरून आपोआप पाठविणारी उपकरणांची जोडणी म्हणजे आयओटी, अर्थात वस्तूंचे इंटरनेट.

आपल्या दोन्ही तालुक्यांत सेन्सर वापरताना दोन बाबी विसरू नयेत. पहिली, कालव्याच्या पाण्याच्या अतिवापराने व निचऱ्याअभावी येथील कित्येक जमिनी क्षारयुक्त झाल्या आहेत. ओलावा मोजणाऱ्या अनेक सेन्सरना क्षारांमुळे प्रत्यक्षापेक्षा जास्त ओलावा दिसतो. आकडा 'ओल आहे' सांगतो आणि पीक मात्र सुकते. दुसरी, भारी काळी जमीन वाळली की भेगाळते. भेग सेन्सरजवळ पडली तर मातीचा स्पर्श सुटतो आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून पहिल्या काही पाळ्यांत सेन्सरजवळची माती हातात घेऊन वाफसा आहे की नाही पाहावे आणि आकड्याशी ताडून घ्यावे. या ताडणीलाच 'कॅलिब्रेशन' म्हणतात.

उपग्रह प्रतिमा व पिक्सेल : प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन म्हणजे पिक्सेल. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या प्रतिमांमध्ये काही रंगपट्ट्यांत एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे एक आर, जवळजवळ एक गुंठा. एकरभर शेत सुमारे ४० ठिपक्यांत दिसते. यावरून शेताचा कोणता कोपरा मागे आहे हे समजते, परंतु एका झाडावरील रोग दिसणार नाही.

एनडीव्हीआय : पिकाचा हिरवेपणा दाखविणारा निर्देशांक. निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की हा आकडा मिळतो. तो उणे १ ते अधिक १ यांमध्ये असतो. उसाने रान झाकले की हा निर्देशांक वरच्या पातळीवर जाऊन जवळजवळ स्थिरावतो, मग चांगला आणि फार चांगला ऊस यांतील फरक त्यात नीट उमटत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे प्रतिमाच मिळत नाहीत. तणही हिरवेच असते, हेही लक्षात ठेवावे.

अल्गोरिदम : काम करण्याची पायरीपायरीने लिहिलेली कृती. 'ओलावा अमुक आकड्याखाली गेला आणि पावसाचा अंदाज नसला तर पाणी द्यावे' हा एक साधा अल्गोरिदम आहे.

एआय अथवा कृत्रिम बुद्धिमत्ता : जेथे कृती आपण लिहून देत नाही, तर असंख्य उदाहरणे दाखवून संगणकाकडून ती शोधून घेतो, ती पद्धत. जाणता शेतकरी शेकडो फड पाहून पानावरून कमतरता ओळखतो, त्यासारखेच हे शिकणे आहे. शिकून तयार झालेल्या गणिताला 'मॉडेल' म्हणतात.

यासाठी दूर जावयास नको. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊस शेतीत एआयचा प्रयोग सुरू केला. त्यात हवामान केंद्र, जमिनीतील सेन्सर आणि उपग्रह यांची माहिती एकत्र करून पाणी, खत व पीक संरक्षणाचा सल्ला मोबाईलवर दिला जातो. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी या कामाचा जाहीर उल्लेख केल्यानंतर बारामतीचे नाव देशभर गेले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने शेतीतील एआयसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले.

तथापि मॉडेल जे पाहिले त्यावरूनच बोलते. समजा, ते मध्यम जमिनीतील को ८६०३२ जातीच्या आडसाली लागणीवर शिकले आहे. तोच सल्ला चोपण जमिनीतील खोडव्याला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. म्हणून अशी सेवा घेताना पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :
१) हे मॉडेल कोणत्या जमिनीवर, कोणत्या जातीवर व हंगामावर तपासले आहे?
२) सेन्सर बिघडला तर कोण, किती दिवसांत येणार?
३) वार्षिक वर्गणी किती आणि ती न भरल्यास आधीच्या नोंदी मिळतील का?
४) माझ्या शेताचा डेटा आणखी कोणाला दिला जाणार?

चौथा प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला असून त्यात संमतीला महत्त्व दिले आहे. 'मान्य आहे' हे बटण दाबणे ही आपली सहीच होय. को-या कागदावर आपण सही करीत नाही, येथेही करू नये.

पहिल्या वर्षी सर्व क्षेत्रावर सल्ला न लावता दहा गुंठे आपल्या नेहमीच्या पद्धतीने ठेवावेत. दोन्हींकडील पाणी, खत, खर्च आणि वजन यांची वहीत नोंद करावी. हंगामाअखेर ती वही सांगेल ते खरे.

७. सारांश

१) संकेतस्थळाचा पत्ता शेवटाकडून वाचावा.
२) पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.
३) ओटीपीचा मजकूर आधी, अंक नंतर वाचावा.
४) संदेशातून आलेली एपीके फाइल बसवू नये.
५) अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नये.
६) पीक पाहणीचा फोटो शेताच्या आत उभे राहून घ्यावा.
७) सेन्सरचा आकडा वाफशाशी ताडून पाहावा.
८) फसवणूक होताच १९३० वर कळवावे.

घरातील शाळकरी मुलामुलींना या यंत्रांची सवय लवकर होते, त्यांची मदत जरूर घ्यावी. परंतु पिन आणि सही मात्र आपल्याच हाती ठेवावी. घरातील भगिनींनाही हे अर्थ समजावून द्यावेत, कारण पुष्कळ खाती त्यांच्या नावावर आहेत आणि फोन घरी त्यांच्याच हाती येतो. शेतीविषयक शंकेसाठी किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत विचारणा करता येते किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

पाण्याची पाळी आली की आपण दार किती उघडावयाचे हे स्वतः पाहतो, दुसऱ्याच्या भरवशावर सोडत नाही. माहितीच्या पाळीलाही तीच दक्षता घेतली, तर हे नवे तंत्र आपल्या शेतीला निश्चितच हितकारक ठरेल.